अण्णांना फुंक लागेना

केजच्या एका संगीत महाविद्यालयात मी बासरी शिकवते. खरं म्हणजे बासरी शिकवते त्यापेक्षा बासरी कशी शिकवावी हेच जास्त शिकवते. पुढे शाळाशाळांतून संगीत शिक्षक व्हायचं म्हणून जी मुलं-मुली आमच्याकडे येतात, त्यांना वाजवता येतच असतं. कुणाच्या घरी भजन असतं, कुणाचा मामा पेटीवाला असतो. अडचण वेगळीच असते. ज्याला लहानपणी सहज आलं, त्याला न येणं म्हणजे काय हे आठवत नाही. पहिल्यांदा बासरी तोंडाला लावणाऱ्या माणसाकडे ही पोरं अशी बघतात, की तो मुद्दाम करतोय असं त्यांना वाटत असावं.

म्हणून शेवटच्या वर्षाला सराव पाठ ठेवलेले आहेत. जवळच्या एखाद्या शाळेत जायचं, काहीही न येणाऱ्यांसमोर उभं राहायचं, आणि मी मागच्या बाकावर बसून बघायचं. त्या वर्षी माझ्या वाट्याला दोघं आली. एक चकलांब्याचा. उंच, आवाज गोड, आणि एकदा बोलायला लागला की थांबवावा लागायचा. दुसरी तलवाड्याची. ती फार बोलायची नाही, पण बोलली की समोरच्याला जरा खाली बसावंसं वाटायचं. एकदा आमच्या प्राचार्यांचं गाणं संपलं, त्यांनी घाम पुसायला रुमाल काढला, तेवढ्यात हिने सांगून टाकलं की सर, तुमचा तानपुरा सुरुवातीपासून उतरलेला होता.

पाठ ठरले होते केजहून युसूफ वडगावकडे जाताना लागणाऱ्या एका गावच्या शाळेत. गावाचं नाव सांगत नाही, तिथल्या लोकांशी अजून माझं येणंजाणं आहे. आम्ही बासऱ्यांची पिशवी घेऊन पोचलो, तर वर्गात कुणी नाही. खेळणारी पोरं तालुक्याला क्रीडा स्पर्धेला गेलेली, आणि बाकीची बरीचशी आईबापांबरोबर ऊसतोडीला साखर कारखान्याला. मुख्याध्यापक आम्हाला चहा पाजून दिलगिरी व्यक्त करत होते, तेवढ्यात अण्णा आले.

अण्णा म्हणजे त्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. शिवाय गावातल्या आणखी चार-पाच गोष्टींचे अध्यक्ष. अंगाने भरलेले, पांढरे कपडे, आणि मिशी. मिशी मी वेगळी सांगते, कारण गावात शिरताना प्रत्येक फ्लेक्सवर आधी ती दिसते आणि मग अण्णा. दाट, वरच्या ओठावर छपरासारखी उतरलेली. त्यांच्याबरोबर नेहमीची चार माणसं होती. त्यांचा ड्रायव्हर, सोसायटीचे चेअरमन, अण्णांचे दोन्ही फोन सांभाळणारा एक काटकुळा गडी, आणि आणखी एक गृहस्थ, ज्यांचं काम काय ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मुख्याध्यापकांनी आमची अडचण सांगितली. अण्णांनी पिशवीतल्या बासऱ्यांकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि म्हणाले, "पोरं न्हाईत तर काय झालं मॅडम. आमी हाव की."

मला वाटलं ते चेष्टा करताहेत. पण ते तिसरीच्या वर्गातल्या पहिल्या बाकावर जाऊन बसलेसुद्धा. बाक लहान होता, त्यामुळे गुडघे छातीशी आले. मागोमाग चौघे बसले.

त्यामागचं कारण नंतर मुख्याध्यापकांनी हळूच सांगितलं. आदल्या महिन्यात एका स्नेहसंमेलनात अण्णा प्रमुख पाहुणे होते. कुणीतरी हाराबरोबर त्यांच्या हातात बासरी दिली आणि समोरची मंडळी म्हणाली, वाजवा अण्णा. अण्णांनी फुंकली. आवाज आला नाही, पण माईक तोंडाजवळ होता, त्यामुळे जे फुस्स झालं ते दोन्ही कर्ण्यांतून सबंध मैदानाला ऐकू गेलं. विरोधी पार्टीच्या एकाने तेवढाच तुकडा पंक्चरच्या दुकानाच्या फोटोवर लावून स्टेटसला ठेवला. तेव्हापासून अण्णांच्या मनात बासरी होती.

पहिला पाठ चकलांब्याच्या मुलाचा. त्याने खिशातून पाठाचं टाचण काढलं आणि सुरुवात केली ती नादाच्या व्याख्येपासून. आहत नाद, अनाहत नाद, मग श्रुती, मग सप्तकं तीन. अण्णांचे डोळे मिटले. चौघांनीही मिटले. मी मागून खूण केली, दुसऱ्यांदा केली, तेव्हा कुठे त्याने बासऱ्या वाटल्या आणि फुंकायला सांगितलं.

पाच माणसं, पाच बासऱ्या. वर्गात टायर बसवण्याचं काम चालल्यासारखा आवाज भरला. आणि त्यातून अचानक एक सूर निघाला. लांब, गोल, स्वच्छ. मी पंचवीस तरी नवशिक्यांच्या पहिल्या फुंका ऐकल्या असतील, इतका सरळ सूर क्वचित. तो त्या फोनवाल्याचा होता. त्याने स्वतःच दचकून बासरी खाली घेतली, अण्णांच्या पाठीकडे पाहिलं, आणि जोरात खोकला. मघाचा सूर खोकल्याचाच होता असं दाखवायचा त्याचा प्रयत्न होता. मग त्याने बासरी पुन्हा तोंडाला लावली ती जरा तिरकी धरून, म्हणजे परत सूर लागायला नको. चेअरमननी ते पाहिलं आणि तेही सावध झाले. अण्णांना लागेपर्यंत कुणाला लागणार नव्हतं हे माझ्या लक्षात आलं.

अण्णा फुंकत होते. चेहरा लाल झाला होता. फुस्स. पुन्हा फुस्स. आणि प्रत्येक फुस्सनंतर चकलांब्याचा मुलगा म्हणत होता, वा अण्णा, वा.

परतीच्या काळी-पिवळी जीपमध्ये मी त्याला विचारलं, वा कशाला म्हणालास. त्यांना बरं वाटावं म्हणून, असं तो म्हणाला. ते ठीक आहे, पण वा कशाबद्दल, हे मी विचारलं. पुढचा स्टॉप येईपर्यंत त्याने विचार केला आणि म्हणाला, "बसण्याबद्दल."

मी दोघांना सांगितलं की शिकवणं म्हणजे कारण शोधणं. त्या माणसाची हवा भोकावर का पोचत नाही, ते पुढच्या वेळी जवळ जाऊन बघा. आरसा न्या. कारण सापडलं की ते त्याला सांगा, आणि नुसतं सांगू नका, त्यावर काय करायचं तेही हातात द्या. अण्णांचं कारण मला पहिल्याच फुंकेला दिसलं होतं. पण मी सांगितलं असतं तर तो माझा पाठ झाला असता.

दुसऱ्या खेपेला शाळेत पोरं होती. पण अण्णा आधीच बाकावर बसले होते, म्हणून मुख्याध्यापकांनी पोरांना कवायतीला सोडलं. चकलांब्याच्या मुलाने आरसा अण्णांसमोर धरला, वाकून पाहिलं, आणि मला तो थिजलेला दिसला. मिशी. वरच्या ओठावरून उतरून ती बरोबर फुंकीच्या भोकावर पडत होती. अण्णा जी हवा सोडत होते ती सगळी मिशीत जात होती.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

मग त्याने दुसऱ्या सगळ्या गोष्टी करून बघितल्या. अण्णांची बासरी बदलली. जाड दिली, मग बारीक दिली. वारा पश्चिमेचा आहे म्हणून बाक फिरवला. मान वर करायला लावली, मान खाली करायला लावली. शेवटी त्याला माझ्या वर्गातली एक युक्ती आठवली. फुंकीचा कोन समजावा म्हणून मी पहिल्या दिवशी रिकाम्या बाटलीच्या तोंडावरून फुंकायला लावते. त्याने समोरच्या टपरीवरून कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या मागवल्या.

बाटलीचं तोंड मोठं असतं, त्यामुळे मिशी तेवढी आड येत नाही. अण्णांनी फुंकलं आणि भों झालं. अण्णांनी बाटलीकडे असं पाहिलं की मला त्यांचा खरंच आनंद झाला. पुन्हा भों. आता चौघांनाही परवानगी मिळाली, आणि पाचही बाटल्या भोंभों करायला लागल्या. चकलांब्याच्या मुलाला हुरूप आला. त्याने बाटल्यांत कमीजास्त पाणी घालून सा, रे, ग करायला घेतले. तेव्हा सगळ्यांत मोठा आवाज अण्णांच्याच बाटलीचा राहिला पाहिजे असं चेअरमनचं म्हणणं पडलं, म्हणून बाकीच्यांच्या बाटल्या जवळजवळ काठोकाठ भरल्या गेल्या आणि त्यातल्या एकीतून ड्रायव्हरच्या शर्टावर पाणी उडालं. गर्मी होते म्हणून ही सगळी मंडळी व्हरांड्यात येऊन वाजवायला लागली. रस्त्याने चाललेले एक म्हातारबाबा फाटकातून आत आले आणि त्यांनी मुख्याध्यापकांना विचारलं की शाळेत पिठाची गिरणी कधी बसवली.

संध्याकाळपर्यंत विरोधी पार्टीचं नवं स्टेटस आलं. व्हरांड्यात उभे अण्णा, डोळे मिटलेले, तोंडाला बाटली. खाली दोनच शब्द होते, आणि ते बासरीबद्दल नव्हते.

अण्णांचा मुख्याध्यापकांना निरोप गेला. आता बाटली बंद. बासरी लागली तर लागली, नाही तर मॅडमनी पोरांनाच शिकवावं.

पुढचा पाठ तलवाड्याच्या मुलीचा होता. जाताना गाडीत चकलांब्याचा तिला समजावत होता की तू मिशीचं काढू नकोस. त्याला भीती होती की अण्णा मनात धरतील आणि पुढे कुठेतरी त्याची बदली करतील. ती म्हणाली, "तुला अजून नोकरी न्हाई. बदली कशाची करतील?" तो बाकीचा रस्ता गप्प बसला. तेवढा वेळ तो गप्प बसलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

वर्गात अण्णा जरा घुश्शातच होते. चौघे त्यांच्यापेक्षा जास्त घुश्शात. हिने टाचण काढलं नाही, व्याख्या सांगितली नाही. अण्णांना एकदा फुंकायला लावलं, फुस्स झालं, आणि समोर उभी राहून म्हणाली, "अण्णा, तुमची मिशी आडवी येतीया."

मी पेन खाली ठेवलं. चेअरमन भिंतीवरच्या पाढ्यांकडे बघू लागले. फोनवाल्याने दोन्ही फोन छातीशी धरले. चकलांब्याचा मुलगा दारापर्यंत कधी पोचला ते मला दिसलंच नाही.

अण्णांनी मिशीवर हात ठेवला. "कुणाची?"

"तुमचीच. बाकीच्यांची बारीक हाय."

पुढच्या वर्षी सराव पाठांना शाळा कुठली मिळणार, हे माझ्या डोक्यात येऊन गेलं. मग अण्णा म्हणाले, अगदी हळू, की मिशी काढायची नाही. आजवर काढली नाही, आता बासरीसाठी काढायची नाही.

काढायला कुणी सांगितलं, असं ती म्हणाली. तिने डोक्याला हात लावून केसांतल्या दोन टिकटॉक पिना काढल्या. लहान मुली लावतात तसल्या, एक गुलाबी, एक फुलपाखराची. तिने त्या अण्णांच्या तळहातावर ठेवल्या, आरसा समोर धरला, आणि एक बाजू डावीकडे, एक उजवीकडे, अशी खूण केली.

अण्णांनी वर्गात एकदा नजर फिरवली. कुणी हसतंय का बघितलं. कुणी हसत नव्हतं. मी तर ओठ आतून चावून धरला होता. मग त्यांनी आरशात बघत मिशीची डावी बाजू वर केली आणि पिन लावली. टक. उजवी बाजू. टक. फुलपाखरू जरा तिरकं बसलं, तिने सांगितल्यावर त्यांनी ते सरळ केलं. मोकळा झालेला वरचा ओठ पांढरा होता. त्याला ऊन म्हणून कधी लागलं नसावं.

"आता भोक ओठानं झाका," ती म्हणाली. "आता बासरी थोडी पुढं फिरवा. गरम चहावर फुंकता तसं फुंका. जोर लावू नका."

आणि सूर लागला.

तो थरथरत होता, मधे तुटत होता, पण बासरीचा सूर होता. अण्णांनी तो दम संपेपर्यंत सोडला नाही. संपल्यावर बासरी मांडीवर ठेवून ते नुसते बसून राहिले. मला वाटतं त्यांना काहीतरी बोलायचं होतं पण पिना लावलेल्या असल्याने तोंड हलवायची भीती वाटत होती.

चकलांब्याच्या मुलाने दारातून वा म्हणायला तोंड उघडलं आणि माझ्याकडे बघून मिटलं. तलवाड्याची म्हणाली की यावेळी तुमचा कोन बरोबर होता, पुन्हा करा. अण्णांनी पुन्हा केलं. मग बाकीच्यांना तिने फुंकायला सांगितलं, आणि फोनवाल्याने इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं बाहेर सोडलं. नुसता सूर नाही, तो सा रे ग म प असा वर गेला आणि वरून परत खाली आला.

अण्णा बाकासकट मागे वळले. "तुला कवापासून येतंय बे?"

पहिल्या दिवसापासून, असं तो म्हणाला. दिलेली बासरी तो घरी घेऊन गेला होता आणि रानात जाऊन वाजवत होता.

"मग हितं कावून वाजवली न्हाई?"

"तुमचं झालं नव्हतं ना, अण्णा."

अण्णांना राग आला असेल असं मला वाटलं. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून राग ओळखणं अवघड होतं, कारण मिशी दोन्ही बाजूंनी वर गेलेली आणि एका बाजूला फुलपाखरू. थोड्या वेळाने ते म्हणाले की इथून पुढे ज्याला येतंय त्याने वाजवायचं, माझी वाट बघायची नाही. चौघांनी एकदम मान हलवली. पण ती आज्ञा त्यांनी अर्धीच पाळली. पुढच्या पाठाला गेलो तर चेअरमननी मिशीला पिना लावलेल्या. ड्रायव्हरने लावलेल्या. काम न कळणाऱ्या गृहस्थांची मिशी तर रेघेएवढी होती, तरी त्यांनी एक लाल पिन कशीतरी अडकवली होती. फोनवाल्याला मिशीच नव्हती, त्याने खिशाला लावली होती.

शेवटचा पाठ परीक्षेचा. बाहेरून एक परीक्षक आले, वयस्कर, फार शिस्तीचे. वर्गात शिरले आणि दारातच थांबले. समोर पाच प्रौढ माणसं लहान बाकांवर, हातात बासऱ्या, मिशांना रंगीत पिना. त्यांनी चष्मा पुसला आणि मला बाजूला घेऊन विचारलं की हा पद्धतीचा भाग आहे का. मी हो म्हणाले. त्यांनी विचारलं, कुठल्या पद्धतीचा. मी म्हणाले, आपल्या भागातल्या. त्यांनी मान हलवली आणि बसले.

पाठ चांगला झाला. चकलांब्याच्या मुलाने त्या दिवशी एकच चूक दुरुस्त केली, पण नीट केली. चेअरमनचं अनामिकेखालचं भोक उघडं राहत होतं, ते त्याने दाखवलं, बोट उचलून पुन्हा ठेवायला लावलं, आणि वा म्हणाला ते बोट बरोबर पडल्यावर. नंतर मला येऊन विचारत होता, बरोबर जागी म्हणालो का. मी हो म्हटलं. त्या पोराचे कान लाल झाले.

पुढच्या स्नेहसंमेलनात अण्णांनी बासरी वाजवली. शाळेच्या प्रार्थनेची पहिली ओळ, तेवढीच. फोनवाला मागे उभा राहून साथीला वाजवणार होता, कारण अण्णांचा दम मधे संपतो हे सगळ्यांना माहीत होतं. अण्णा व्यासपीठावर आले, खिशातून पिना काढल्या, आणि भरल्या मैदानासमोर मिशीला लावल्या. मैदान हसलं. विरोधी पार्टीचा तो गडी मोबाईल वर धरून पहिल्याच रांगेत होता. अण्णांनी हसू ओसरेपर्यंत थांबून सुरुवात केली. मधे दम संपला, त्यांनी विहिरीतून वर आल्यासारखा श्वास घेतला, फोनवाल्याने तेवढी जागा भरून काढली, आणि ओळ पूर्ण झाली. टाळ्या पडल्या. उतरताना तलवाड्याची मुलगी पायरीशी उभी होती. तिने सांगितलं की दुसरा ग जरा चढला. अण्णा म्हणाले, "व्हय, मला बी वाटलंच."

विरोधी पार्टीच्या गड्याने तो व्हिडिओ स्टेटसला लावला खरा, पण काय लिहावं ते त्याला सुचलं नसावं. खाली काहीच लिहिलेलं नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर जेवणाच्या मांडवात एक बाई माझ्याजवळ आल्या. डोक्यावरून पदर, हातात जिलबीचं ताट. अण्णांच्या मालकीणबाई. मला वाटलं आभार मानायला आल्या असतील, म्हणून मी आधीच नाही नाही म्हणायला लागले. त्यांनी जिलबी माझ्या ताटात वाढली आणि इकडेतिकडे बघून आवाज खाली केला.

त्यांचं म्हणणं असं होतं की ते घरी सकाळी गोठ्यात बसून वाजवतात. दूध काढायच्या वेळेलाच. तीच एक ओळ, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि शेवटाला आले की पुन्हा पहिल्यापासून. काळी म्हैस आता बासरी दिसली की पान्हा चोरते. सुनेला ती ओळ झोपेत ऐकू येते. शेजारची माणसं आधी कौतुक करायची, आता त्यांनी गोठ्याकडची खिडकी बंद केली.

बासरी सोडवायची म्हणताय का, असं मी विचारलं.

"न्हाई वो," त्या म्हणाल्या. "ते लई खूष हायत. तुमी फकस्त दुसरी ओळ शिकवा."

मी तलवाड्याच्या मुलीला हाक मारली. ती भाताचं ताट घेऊन आली, सगळं ऐकून घेतलं, आणि विचारलं की म्हैस दूध कधी देते, सकाळी का संध्याकाळी. आता एकवेळच देते, सकाळी, असं बाईंनी सांगितलं. मग मी संध्याकाळी येते, ती म्हणाली, आणि भात कालवायला लागली.